धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या तीरावर धारासूर हे गाव आहे. तेथील गुप्तेश्वराचे मंदिर मराठवाड्यातील मध्ययुगीन शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना होय. गुप्तेश्वर हे महादेवाचे नाव. परंतु बाहेरच्या भिंतींवर पाहावे, तो विष्णूच्या मूर्ती! त्यांवरून हे मंदिर मुळात विष्णूचे असावे, असे अभ्यासक मानतात.

मंदिराची बांधणी दगडी. शिखर मात्र विटांनी रचलेले. काळ्या पाषाणाहून वीट हलकी, म्हणून भिंतींवरील भार कमी होतो. अशा मंदिरांच्या भिंती सपाट नसतात. त्यांना पुढेमागे कोन काढलेले असतात आणि त्या कोनांवर देव व सुरसुंदरी यांच्या मूर्ती असतात. सुरसुंदरी ओळखावयाची ती तिच्या कृतीवरून. हाती आरसा घेऊन आपले रूप न्याहाळते, ती दर्पणा.

विष्णूला ओळखणे अधिक मौजेचे आहे. त्याला चार हात आणि त्यांत शंख, चक्र, गदा व पद्म या चार वस्तू. पहिल्या हातात चारांपैकी कोणतीही वस्तू देता येते. दुसऱ्यासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी एकच. 4 × 3 × 2 × 1 = 24. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव अशी विष्णूची जी नावे घेतात, तीही 24 च! शिल्पशास्त्राने प्रत्येक मांडणीला त्यांतील एकेक नाव दिले आहे. ग्रंथाग्रंथांत थोडा भेद आढळतो, हे खरे.

वस्तू मोजण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी खालचा उजवा हात, मग वरचा उजवा, नंतर वरचा डावा व शेवटी खालचा डावा. येथे उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असे आले, की ती मूर्ती केशवाची.

दुर्दैवाने, जुन्या मूर्तींचे हातच आधी भंगतात, कारण ते अंगापासून सुटे व नाजूक असतात. एक हात तुटला, तर उरलेल्या तिन्हींवरून चौथ्यातील वस्तू कळते. दोन तुटले, तर दोन नावांत संशय उरतो. तीन तुटले, तर सहा नावे संभवतात. चारही गेले म्हणजे मुकुट, वनमाला किंवा पायांशी असलेला गरुड पाहून हा विष्णू आहे, एवढेच सांगता येते; त्याचे नाव मात्र हातांबरोबर गेलेले असते.