अळंबीची पावडर आणि कर्करोग

घरात कुणाला कर्करोग झाला, की सल्ल्यांना तोटा नसतो. "सेलेनियमवाली अळंबीची पावडर द्या, गाठ विरघळते," हा त्यातलाच एक. यात तथ्य किती?

अळंबी ज्या पेंढ्या-भुशावर वाढते, त्यातलं सेलेनियम हे खनिज ती शोषून घेते. म्हणून भुशात ते मुद्दाम मिसळतात. अशा अळंबीच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसली आहे. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे!

जपानमध्ये शिताके अळंबीतून १९६९ साली 'लेंटिनान' वेगळं काढलं. १९८५ मध्ये ते जठराच्या कर्करोगासाठी मान्य झालं, तेही इंजेक्शन म्हणून आणि केमोथेरपीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. निव्वळ सेलेनियमचं म्हणाल, तर अमेरिका-कॅनडात २००१ पासून ३५,००० हून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्याने प्रोस्टेटचा कर्करोग काही टळेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या.

मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. फार झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

तेव्हा मैत्रिणींनो, अळंबीची भाजी खुशाल करा. पावडरीची बाटली मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, आणि तिच्या भरवशावर चालू उपचार एक दिवसही सोडू नका.