साचा तोच, पत्ते नवे

एखादी लिंक सोशल मीडियावरच्या प्रोफाइलची आहे का, हे रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राने, ओळखणं वरकरणी सोपं काम. पण २००९ ते २०२४ या काळात पत्ते इतक्यांदा बदलले, की त्यांचा साचा बांधणाऱ्यांना स्वस्थता लाभली नाही.

साधन जुनंच. स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात त्याचं गणित मांडलं, तर १९६८ साली केन थॉम्पसन यांनी त्यावरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. अस्थिर होते ते पत्ते. फेसबुकच्या प्रोफाइलला आधी नुसता आकडा असे. जून २००९पासून नाव निवडता येऊ लागलं, तरी आकड्याचे पत्ते चालूच राहिले. ट्विटरवरचं वापरकर्त्याचं नाव म्हणजे रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, कमाल लांबी १५. पण 'होम', 'सर्च' ही पानंही त्याच साच्यात बसतात, म्हणून ती नावानिशी वगळावी लागली. यूट्यूबवर 'यूजर' आणि 'चॅनेल'चे मार्ग होतेच, २०२२मध्ये @ने सुरू होणारं हँडलही आलं. गूगल प्लस तर २०१९मध्ये सर्वसामान्यांसाठी बंदच झालं. त्याच्या पत्त्याशी साचा आजही जुळेल, पण उघडायला प्रोफाइल नाही.

सगळ्यात मोठा धडा मिळाला एप्रिल २०२४मध्ये. ट्विटरचं नाव 'एक्स' झालं होतं. त्यांच्या आयफोन ॲपमध्ये पोस्टमधलं 'ट्विटर डॉट कॉम' आपोआप 'एक्स डॉट कॉम' असं दिसू लागलं. 'ट्विटर डॉट कॉम'च्या अगोदर कोणती अक्षरं जोडलेली आहेत, हे तपासलंच जात नव्हतं. त्यामुळे नेटफ्लिक्सच्या रोमन स्पेलिंगमधल्या शेवटच्या एक्सच्या जागी 'ट्विटर' लिहून डोमेन घेतलं, की वाचणाऱ्याला दिसे नेटफ्लिक्सचा पत्ता आणि क्लिक केल्यावर उघडे भलतीच साइट. फसवणूक होऊ नये म्हणून काहींनी अशी डोमेनं स्वतःच घेऊन ठेवली. चूक लवकर दुरुस्त झाली, पण धोका खरा होता.

म्हणून साचा लिहिताना नावातल्या अक्षरांइतकंच डोमेनच्या दोन्ही कडांकडे बघायला हवं. आधी काय चालेल, पुढे काय चालेल, हे ठरवायचं. टिंबाआधी बॅकस्लॅश द्यायचा, नाहीतर त्या जागी कुठलंही अक्षर खपून जातं. जुळायला हवेत आणि जुळायला नकोत, अशा दोन्ही पत्त्यांची यादी जवळ ठेवून प्रत्येक बदलानंतर साचा तपासायचा. साचा पत्त्याचं फक्त रूप सांगतो. त्यामागे माणूस आहे का, हे वेगळंच पडताळावं लागतं. लोक लिंकवर विश्वासाने बोट ठेवतात, त्या विश्वासाची जबाबदारी साचा लिहिणाऱ्यावर आहे.