चूल एक, रांधणाऱ्या अनेक

तंजावरचं नाव निघालं की मराठी माणसाला सांबाराची गोष्ट आठवते. तिथल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीत कोकमाऐवजी चिंच पडली आणि पाहुण्या संभाजीराजांचं नाव त्या पदार्थाला चिकटलं. गोष्ट चविष्ट आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. तिथल्या सामूहिक स्वयंपाकाबद्दलचे गैरसमज मात्र या गोष्टीइतके निरुपद्रवी नाहीत.

‘तंजावरच्या मराठा राजांची छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठीची अन्नछत्रं, ही ब्राह्मणभोजनाची सोय’ हा त्यातला जुना. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या कारभाराचं वर्णन आहे. रामेश्वरच्या वाटेवर ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत सगळ्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळे. ज्यांना तो चालत नसे त्यांना कोरडा शिधा देत. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावत. छत्रांत वैद्य होते, शिक्षकही होते. अर्थात, अन्न सर्वांना होतं म्हणून पंगतही एकच होती, असं यावरून ठरत नाही.

दुसरा गैरसमज आजचा: ‘तमिळनाडूतला शाळेचा नाश्ता म्हणजे दुपारच्या जेवणाचंच शेपूट.’ तेव्हाचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून वाढवलेल्या दुपारच्या जेवणासाठी नेमलेले कर्मचारी असतात. नाश्त्याची योजना वेगळी: ती १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुरैत सुरू झाली आणि २५ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुक्कुवळै इथून राज्यभर नेली गेली. हे गाव १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होतं. खेडोपाडी हा नाश्ता बचत गटांच्या बायका शाळेतच रांधतात, आणि ज्यांची मुलं त्याच शाळेत शिकतात अशा सदस्यांना घ्यावं, असा निकष ठेवला आहे. हा बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. आपलं पोर जे खाणार आहे त्यात कुणी हात आखडता घेत नाही.

‘त्यात बायकांना काय मिळतं? घरी रांधतात तेच तिथे!’ हे ऐकलं की समजावं, बोलणाऱ्याने मोठं पातेलं कधी ढवळलेलं नाही. चौघांच्या पोंगलचा अंदाज शंभर मुलांना कामाला येत नाही. मूगडाळ आणि तांदूळ किती, पाणी केव्हा वाढवायचं, मिरी-आल्याची फोडणी मुलांना झेपेल इतकीच कशी ठेवायची, सांबारासाठी भाजी कोण चिरणार, हे आपसात ठरवावं लागतं. शाळा भरायच्या आत सगळं वाढून व्हायला हवं. एरवी फुकट धरलं जाणारं काम इथे मोबदल्याचं होतं. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा मराठी समाजानेही हेच पाहिलं होतं.

म्हणून ‘एकत्र रांधलं की गरिबी हटते’ असं मात्र नाही. कॅनडात १९८० च्या दशकापासून शेजारणी एकत्र येऊन स्वयंपाक करून डबे घरी नेतात. तिथल्या अभ्यासांत ओळखी, आत्मविश्वास आणि स्वयंपाकाचं कसब वाढल्याचं दिसलं. अगदी हलाखीतल्या घरांची अन्नाची चणचण मात्र त्याने सुटली नाही, कारण मूळ तुटवडा पैशाचा होता.

एका चुलीवर जातही आपोआप वितळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये करूर आणि तुतिकोरिन जिल्ह्यांत दलित बाईने केलेला नाश्ता काही पालकांनी मुलांना खाऊ दिला नाही. अधिकारी आणि लोकप्रतिनिधींना शाळेत येऊन मुलांसोबत बसून खावं लागलं.

आपल्याकडेही शाळेची खिचडी कितीतरी गावांत बचत गटच शिजवतो. पुढच्या पालकसभेत खिचडीच्या चवीबरोबर रांधणाऱ्या बायकांचं मानधन किती आणि ते वेळेवर मिळतं का, हेही विचारा.