एक ठुमरी, तीन गळे

पाश्चात्य देशांतले संगीतवेडे बेथोव्हेनची एकच सिंफनी चार-पाच वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिकांवरून ऐकतात आणि कुणाची लय मंद, कुणाची जलद, यावर तावातावाने भांडतात. आर्थर निकिशने बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून १९१३ साली पाचवी सिंफनी तबकड्यांवर उतरवली. तेव्हापासूनच्या किती आवृत्त्या त्यांच्यापुढे आहेत! शिवाय त्यांच्या हाती छापील स्वरलिपी असते. आपल्याकडे शब्द दोन-चार ओळींचे, चाल गुरूच्या तोंडून आलेली आणि बाकीचे सारे गाणाऱ्याचे. मग तुलना कशाची करायची?

आमच्या खामगावच्या घरात ती झिंझोटीतल्या 'पिया बिन नहीं आवत चैन' या ठुमरीवरून होत असे. मुंबईहून नागपूरला जाणारी मेल आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत निघून जाते. तिच्यातले मोठे गवई इकडे क्वचितच उतरत. आमची बैठक म्हणजे चावीचा फोनो, आणि आमचे उस्ताद म्हणजे लाखेची काळी तबकडी!

पहिला मान अर्थातच अब्दुल करीम खाँसाहेबांचा. जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, पण वास्तव्याने ते मिरजेचे झाले. त्यांचा आवाज बारीक, किंचित अनुनासिक. पण स्वर असा लागे की शब्द विरघळून केवळ आर्तता उरावी. खालच्या धैवतावरून षड्ज, ऋषभ, मध्यम घेत गांधारावर येणारी झिंझोटीची वाट ते अशी दाखवतात की राग न शिकलेल्यालाही तो ओळखू यावा.

दुसरे सैगल. न्यू थिएटर्सच्या १९३५ सालच्या 'देवदास'मध्ये त्यांनी हीच ठुमरी गायिली. हरकती मोजक्या, शब्द स्वच्छ. खाँसाहेबांकडे विरह स्वरात आहे, सैगलांकडे तो माणसात आहे. आमच्या आईला सैगलच आवडत. "मला त्यातलं दुःख कळतं," एवढेच ती म्हणे, आणि या टीकेवर कुणाला उत्तर सुचत नसे.

तिसरे पंडित भीमसेन जोशी. गदगला लहानपणी खाँसाहेबांच्या याच ठुमरीच्या तबकडीने त्यांना वेड लावले आणि ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, असे सांगतात. पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व हेच त्यांचे गुरू झाले. बैठकीत ही ठुमरी घेताना त्यांना घड्याळाचे बंधन नव्हते. एकेका शब्दाला ते निरनिराळ्या बाजूंनी भिडत, पुन्हा मुखड्यावर येत.

आमच्या वडिलांना हे पाल्हाळ वाटे. "खाँसाहेबांनी तीन मिनिटांत सांगितलं, तेच हे तासभर सांगतात," ते म्हणत. एकदा मामांनी विचारले, "अहो भाऊजी, खाँसाहेब बैठकीतून तीन मिनिटांत उठत होते काय?"

वडील गप्प झाले. प्रश्नच तसा होता. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. खाँसाहेबांचे गाणे तिथे संपत नव्हते. तबकडीवरची जागा संपत होती. १९३७ साली ते वारले. त्यांची भरली बैठक ज्यांना लाभली नाही, अशा आमच्यासारख्या हजारो घरांचा कान मात्र त्या तीन मिनिटांवरच घडला. तबकडीने गाणे आमच्या दारी आणले हे तिचे उपकार. पण तेवढेच गाणे, अशी समजूतही तिनेच करून दिली.

म्हणून माझे मत असे की, या तिघांत पहिला कोण हे ठरवू नये. प्रत्येकाने काय राखले आणि काय सोडले, ते पाहावे. आता तिन्ही गळे मोबाईलवर मिळतात. फराळ झाल्यावर आधी शब्दांसाठी सैगल ऐका, मग स्वरासाठी खाँसाहेब आणि शेवटी सवडीने भीमसेन. घरात वाद झाला तर उत्तमच. फक्त वाद घालणाऱ्याने तिन्ही पुरते ऐकलेले असावेत, एवढी अट ठेवा!