मुले नेमके काय उचलतात

वागणुकीचे धडे मुले ऐकून कमी आणि पाहून जास्त घेतात. घरोघरी ठाऊक असलेली ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोगाने तपासली. बालवाडीतल्या मुलांसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवत होता. नंतर खेळायला सोडल्यावर त्या मुलांनी तसेच फटके मारले आणि त्याच्या तोंडचे शब्दही उचलले. ज्यांनी शांतपणे खेळणारा माणूस पाहिला होता, ती मुले बरीच शांत राहिली.

१९६५ मधला पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. दांडगाईबद्दल मोठ्या माणसाला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण करून दाखवल्यास बक्षीस मिळेल म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकेच करून दाखवले. धाकाने वागणे दबते, पाहिलेले मात्र मनातून जात नाही.

मग उपदेशाचे काय? १९७० मध्ये ब्रायन आणि वॉलबेक या संशोधकांनी त्याचीही परीक्षा घेतली. खेळात जिंकलेल्या बक्षिसातला वाटा मुलांना हवा तर गरजूंना देता येत होता. समोरची मोठी माणसे काही वेळा दानाचे गोडवे गात, पण स्वतः काही देत नसत. काही वेळा स्वतः देत असत. मुलांचा हात सैल झाला तो मोठ्यांची कृती पाहून. उपदेशाचा परिणाम दिसला तो मुलांच्या बोलण्यावर. थोडक्यात, उपदेशातून मुले उपदेश करायला शिकली.

महाराष्ट्रात कृतीतून शिकवण्याचे ठळक उदाहरण साताऱ्यात घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत आणि कामे स्वतः करत. त्या काळी समतेवर व्याख्याने देणारे पुष्कळ होते; भाऊरावांनी ही मुले आपल्या घरातच आणली. सोवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलांसारखे सांभाळले आणि धान्यासाठी पैसे नव्हते तेव्हा अंगावरचे दागिने मोडले. त्यांत मंगळसूत्रही गेले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना मुलांना पटली, कारण झीज सोसणारी माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत होती. त्या मुलांपैकी अनेक जण पुढे रयतच्याच शाळा-महाविद्यालयांत शिक्षक झाले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे संस्थेचे विद्यार्थी पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आदर्श किती उंचीवरचा असावा, हा प्रश्न मात्र अवघड आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लॉकवुड आणि कुंडा यांनी लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याची हकिगत वाचायला दिली. हे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, शेवटच्या वर्षाच्या मुलांना नाही. त्यांच्याकडे तिथवर पोहोचायला वेळच उरला नव्हता. जयंती-पुण्यतिथीला हार घातलेल्या तसबिरींतून तरुणांच्या हाती फारसे काही लागत नाही, त्याचे एक कारण इथे सापडते: महापुरुषाची थोरवी कळते, पण त्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल दिसत नाही. ते दाखवायला चार वर्षे पुढे असलेला गावातला मुलगा किंवा मुलगी पुरते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या उन्हाळी श्रमसंस्कार छावणीत आदर्शाची ही जवळीक आयतीच मिळते. हा प्रकल्प कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या कष्टांवर उभा आहे. शहरांतून आलेले तरुण तिथे कुदळ-फावडे हाती घेतात, तेव्हा झडलेल्या बोटांनी शेती पिकवणारी माणसे आसपासच असतात. दिवस सुरू होतो श्रमदानाने. भाषणे आणि चर्चा त्यानंतर.