माळ काढू का, ताई?

मैत्रिणींनो, आजचा विषय बघून काही जणी पान उलटतील. उलटू नका. हा प्रश्न घेऊन येणारी मुलं तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच घरातली असतात.

बारामतीत मी समुपदेशन करते. एमआयडीसीतली पाळी संपवून एक मुलगा यायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घर इंदापूर तालुक्यात, शेतात ऊस, गळ्यात तुळशीची माळ. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. बेलवाडीचं रिंगण त्याने आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. घरात मुली बघणं सुरू होतं. तिसऱ्या भेटीत मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला मुलांबद्दलच वाटतं. पहिल्यापासून. माळ काढू का?"

अशा वेळी सल्ला देणाऱ्याची जीभ दोन्हीकडे घसरते. 'देवबिव सोड, मोकळा हो' किंवा 'लग्न कर, येशील ताळ्यावर.' पहिल्यात त्याचा जन्माचा आधार जातो, दुसऱ्यात एका परक्या मुलीचा बळी. समलिंगी असणं हा आजार नाही, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये मान्य केलं. २००९ मध्ये तिथल्याच मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने अहवाल दिला. उपचारांनी कल बदलतो याला भक्कम पुरावा नाही, उलट इजा होऊ शकते. पण माणसाच्या श्रद्धेचाही मान राखा, असं त्यात आहे. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

मी काही कीर्तनकार नाही. पाप की पुण्य, हे मी ठरवायचं नाही. मी एवढंच विचारलं, "भीती विठ्ठलाची वाटते की भावकीची?" बराच वेळ गप्प बसला आणि हसला. "भावकीची जास्त." मग माळ घालताना काय काय कबूल केलं होतं, ते त्याला आठवायला लावलं. मांस नाही, दारू नाही, एकादशी, वारी, खोटं बोलायचं नाही. इथे तोच अडला. "मग त्या मुलीला काय सांगू?"

त्यानंतरच्या चार-पाच भेटी याच एका प्रश्नावर गेल्या. माळ राहिली. मुली बघणं त्याने थांबवलं. जोडीदार शोधायचा की एकट्याने राहायचं, हे अजून ठरलेलं नाही, आणि मीही घाई करत नाही. मुलींचं तर याहून अवघड. तोंड उघडण्याआधीच त्यांची सुपारी फुटलेली असते.

आई आली ती रडतच. "एखादं औषध असेल ना?" कल 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं वागणं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलंय, हे तिला सांगितलं. पोलिसांची भीती होती, तीही काढली. प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळलं. (अशा लग्नांना मात्र २०२३ मध्ये मान्यता नाकारली.) पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांचं 'मनाचिये गुंती' वाचायला दिलं, त्यात अशाच आईवडिलांचे, नातेवाइकांचे अनुभव आहेत.

"पण जावा-नणंदांना काय सांगू?" तिचा खरा प्रश्न हा होता. सगळं सांगायची सक्ती नाही, म्हटलं. "'सध्या त्याला लग्न करायचं नाही' एवढं सांगा. आणि कुणी स्थळ आणलं, तर आधी त्याला विचारल्याशिवाय पोह्यांचा बेत करू नका."