बुरीरम : नारायण जिथे परत आला

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थायलंडच्या बुरीरम प्रांतातल्या एका डोंगरावर लोक उजाडायच्या आत चढून येतात. माथ्यावर बाराव्या शतकातलं शिवालय आहे आणि पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत त्याची पंधरा दारं एका रेषेत आहेत. आकाश निरभ्र असेल तर उगवत्या सूर्याचा किरण या पंधराही दारांतून आरपार जातो आणि वाटेत गाभाऱ्यातल्या शिवलिंगाला उजळून टाकतो. 3 ते 5 एप्रिल आणि 8 ते 10 सप्टेंबर या दिवसांत हे सूर्योदयाला घडतं. 5 ते 7 मार्च आणि 5 ते 7 ऑक्टोबर या दिवसांत मावळतीला. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्या माणसाला ही गर्दी का जमते, हे वेगळं समजवावं लागत नाही.

या देवळाचं नाव फनोम रुंग. बँकॉकपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, कंबोडियाच्या सीमेला लागून असलेल्या बुरीरम प्रांतात ते आहे. फुकेत आणि पट्टायाला जाणारे हजारो मराठी पर्यटक इकडे क्वचितच वळतात. खरं तर भाषाच आपल्याला इथे बोलावत असते. थायलंडच्या या भागाला ‘ईसान’ म्हणतात. संस्कृतातला ‘ईशान’ तो हाच. आपली ईशान्य दिशा त्याच शब्दातून आली आणि ईशान हे शिवाचंही नाव. बुरीरम म्हणजे ‘पुरी’ आणि ‘रम्य’, रम्य नगरी. इथल्या जुन्या दगडी देवळांना ‘प्रासात’ म्हणतात, म्हणजे आपला प्रासाद. आणि विष्णूला इथे ‘नाराय’ म्हणतात. ते नाव लक्षात ठेवा, कारण या प्रांताची सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्याभोवती घडली आहे.

विझलेल्या ज्वालामुखीवरचा कैलास

फनोम रुंग हे नाव ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, भाषेतलं आहे. त्याचा अर्थ प्रशस्त डोंगर. हा डोंगर म्हणजे लाखो वर्षांपूर्वी विझलेला ज्वालामुखी. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे चारशे मीटर. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ही उंची किरकोळ वाटेल. पण भोवतालचा मुलूख सपाट भातशेतीचा असल्यामुळे डोंगर लांबूनच दिसू लागतो. शिवाचं घर कैलासावर, म्हणून ते उंचावरच हवं, ही श्रद्धा या जागेच्या निवडीमागे होती.

दहाव्या ते तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम होत राहिलं. मुख्य देऊळ बाराव्या शतकात उभारलं ते नरेंद्रादित्याने. तो महीधरपुर घराण्यातला सरदार आणि अंगकोर वाट बांधणाऱ्या ख्मेर राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याचा नातलग. रणांगण गाजवल्यावर त्याने संन्यास घेतला आणि याच डोंगरावर शैव तपस्वी म्हणून तो राहिला. त्याचा मुलगा हिरण्य याने वडिलांची कीर्ती संस्कृत शिलालेखात कोरून ठेवली. नरेंद्रादित्य पाशुपत पंथाचा होता, असं अभ्यासक सांगतात. आपल्या घारापुरीच्या लेण्यांशीही याच पंथाचा संबंध जोडला जातो. समुद्रापलीकडे, इतक्या दूरच्या डोंगरावर तीच उपासना चालत होती, हे कळल्यावर घारापुरीही नव्याने पाहावीशी वाटते.

देवळाकडे जाणारी वाट हाच एक अनुभव आहे. पायऱ्या चढून गेलं की सुमारे 160 मीटर लांबीचा फरसबंद मार्ग लागतो आणि त्याच्या दोन्ही कडांना कमळकळीच्या आकाराचे दगडी खांब उभे आहेत. मग येतो नागसेतू. पाच फण्यांचे नाग त्याच्या कठड्यांवर फणा उभारून बसले आहेत. हा सेतू ओलांडला की माणूस मर्त्यलोकातून देवलोकात शिरतो, अशी कल्पना. पुढे पाच टप्प्यांत जिना चढत जातो. मंदिर आधी दिसत नाही, मग शिखराचं टोक दिसतं, आणि शेवटच्या पायरीवर गुलाबी छटेच्या वालुकाश्मातलं सगळं शिवालय एकदम समोर उभं राहतं. काही भिंतींसाठी जांभा दगड वापरला आहे. कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

आत गाभारा, अंतराळ आणि मंडप असा ओळखीचा क्रम आहे. शिवलिंगावरचं अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ आहे आणि तिला थाई लोकही ‘सोमसूत’ म्हणतात. आपण शंकराच्या देवळात जे सोमसूत्र ओलांडत नाही, तेच हे. भिंतींवर रामायणातले प्रसंग आहेत, कृष्णकथा आहेत, खांबांच्या तळाशी बसलेले ऋषी आहेत. पूर्वेच्या मुख्य दारावर दशभुज नटराज नाचतो आहे. आणि त्याच्या बरोबर खाली, आपल्याकडे जिथे गणेशपट्टी असते त्या जागी, शेषशायी नारायण पहुडला आहे. पायाशी लक्ष्मी, नाभीतून उगवलेल्या कमळावर ब्रह्मदेव, शेजारी कीर्तिमुख आणि पोपट. या शिळेला थाई लोक ‘नाराय बन्थोमसिन’ म्हणतात, म्हणजे जळावर निजलेला नारायण.

शिळा गेली आणि आली

ही शिळा मधली अनेक वर्षं इथे नव्हती. देऊळ पडझडीला आलं होतं तेव्हा ती दारावरून निखळून, तुटून खाली पडली होती. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ती चोरीला गेली. तिचा एक लहान तुकडा 1965 मध्ये बँकॉकच्या एका दुकानात सापडला. मोठा भाग थेट अमेरिकेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात पोचला होता. 1970 च्या दशकात थाई पुरातत्त्वज्ञ राजपुत्र सुभद्रादित दिसकुल यांनी तो तिथे पाहिला, ओळखला आणि परत मागितला. उत्तर मिळायला दीड दशक गेलं.

इकडे 1971 पासून देवळाची पुनर्बांधणी सुरू होती. कोसळलेला प्रत्येक दगड ओळखून, त्याची मूळ जागा शोधून, तो तिथेच बसवायचा, अशी ही चिकाटीची पद्धत. सतरा वर्षं ते काम चाललं. 21 मे 1988 रोजी राजकन्या सिरिंधोर्न यांच्या हस्ते हे ऐतिहासिक उद्यान खुलं झालं, तेव्हा सगळं देऊळ उभं होतं, फक्त मुख्य दारावरचा नारायण नव्हता. ती रिकामी जागा लोकांना सलली. देशभर निदर्शनं झाली, शिकागोतही झाली. काराबाओ या लोकप्रिय गायकवृंदाने त्यावर गाणं केलं. अखेर नोव्हेंबर 1988 मध्ये शिळा मायदेशी आली आणि आपल्या दारावर चढली.

ही मागणी टिकली त्यामागे एक साधं काम होतं. चोरी होण्याआधी थायलंडच्या ललितकला विभागाने ईसानमधल्या देवळांचं सर्वेक्षण केलं होतं आणि या शिळेची छायाचित्रं तेव्हा घेतली गेली होती. शिळा कुठली हे त्यामुळे नाकारता आलं नाही.

बुरीरम एवढ्यावर थांबलं नाही. याच प्रांतातल्या नोंग होंग देवळाची ललाटपट्टी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून परत आली. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘गोल्डन बॉय’ नावाने गाजलेली अकराव्या शतकातली धातुमूर्ती थायलंडला दिली. ती बुरीरममधल्याच एका गावाजवळ सापडली होती, असं थाई अभ्यासक मानतात. प्लाय बात टेकडीवरच्या देवळाजवळ 1964 मध्ये सापडलेल्या आणि जगभर पांगलेल्या बोधिसत्त्वांच्या मूर्तींसाठीचा पाठपुरावाही वर्षानुवर्षं चालला आहे.

संग्रहालयात शिळा सुरक्षित राहिली असती, असं कोणी म्हणेल. पण फनोम रुंगच्या दारात उभं राहिल्यावर कळतं की या नारायणाचा अर्थ त्याच्या जागेत आहे. वर नटराज, खाली नारायण, आत शिवलिंग आणि मागून येणारा सूर्य. यातला एक दगड काढला तरी वाक्य अर्धं राहतं.

खालचं गाव आणि ऋषींची कुटी

डोंगर उतरून सात-आठ किलोमीटर गेलं की प्रासात मुआंग ताम लागतं. नावाचा अर्थ ‘खालचं गाव’. फनोम रुंग भव्य आहे, तर हे देऊळ शांत. विटांच्या पाच शिखरांपैकी चार उभी आहेत, मधल्याचा फक्त चौथरा उरला आहे. चारही कोपऱ्यांत काटकोनी पुष्करण्या, त्यांच्या काठाने लांबलचक नाग आणि पाण्यात कमळं. उमेसह नंदीवर बसलेला महेश्वर आणि गोवर्धन उचललेला कृष्ण इथल्या कोरीवकामात भेटतात. शेजारीच हजार मीटरहून लांब असा प्राचीन तलाव आहे. देऊळ बांधायचं तर आधी पाणी, हा ख्मेर स्थपतींचा नेम होता.

ख्मेरांची राजधानी अंगकोर इथून फिमायच्या देवळाकडे जाणारा राजमार्ग याच भागातून जात असे. ख्मेर राजा सातव्या जयवर्म्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या राज्यात वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि रुग्णांसाठी आरोग्यशाळा उभारल्या. अंगकोरच्या ता प्रोम देवळातल्या शिलालेखात 102 आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. फनोम रुंगच्या पायथ्याशी आणि मुआंग तामजवळ अशा आरोग्यशाळांच्या देवळांचे अवशेष आहेत. गावकरी दोन्हींना ‘कुटी ऋसी’ म्हणतात, म्हणजे ऋषींची कुटी. राजवटी गेल्या, पण आजाऱ्याची सोय केलेली जागा लोकांनी आदराच्या नावाने जपली.

लाव्हाची माती, सारसांची शेतं

बुरीरम हा शेतकऱ्यांचा प्रांत आहे. दख्खनची काळी माती लाव्हाची, तशीच इथल्या अनेक शेतांची मातीही ज्वालामुखीचं देणं. तिच्यात पिकणारा सुवासिक ‘होम माली’ तांदूळ नावाजलेला आहे. फनोम रुंगजवळच्या चरोएन सुक गावातल्या बाया तर कापडच या मातीत रंगवतात. तांबूस-तपकिरी छटेच्या त्या कापडाला ‘फू अक्खनी’ म्हणतात, म्हणजे अग्नीचा डोंगर. आपला अग्नी तिथे अक्खनी झाला आहे. उत्तरेकडे ना फो भागात रेशमाचे माग चालतात. सूत आधी गाठी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, असं हे ‘मुदमी’ विणकाम.

इथल्या भातशेतीत आणखी एक पाहुणा परतला आहे. थायलंडच्या रानातून सारस नाहीसा झाला होता. 2011 पासून बुरीरमच्या पाणथळ जागांत पिंजऱ्यात वाढवलेले सारस मोकळे सोडले जाऊ लागले आणि ते भाताच्या खाचरांत घरटी करू लागले. गोंदिया-भंडाऱ्यात सारस वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांनी हा प्रयोग जवळून पाहावा असा आहे, कारण तो शेतकऱ्याला सोबत घेऊन चालला आहे.

जेवण साधं आणि तिखट. चिकट भात, कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर ‘सोम ताम’, निखाऱ्यावरची कोंबडी. बुरीरमच्या रेल्वे स्टेशनाजवळ तळलेले मांसाचे गोळे उभ्या-उभ्या खायची जुनी रीत आहे. ब्लॅकपिंक या गायिकासमूहातली लिसा याच प्रांतातली. तिने 2021 मध्ये या गोळ्यांची आठवण काढली आणि ते विकणाऱ्या हातगाड्यांवर झुंबड उडाली. कोशिंबिरीतही माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो, तेव्हा शाकाहारी माणसाने ‘जे’ हा शब्द पाठ करून जावा. कडक शाकाहाराला तिथे तेच म्हणतात.

जायचं कसं

बँकॉकहून बुरीरमला रेल्वे, बस आणि विमान, तिन्ही मिळतात. फनोम रुंग शहराच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. नांग रोंग हे छोटं गाव त्याहून जवळ, म्हणून मुक्कामाला सोयीचं. दोन्ही देवळं एका दिवसात होतात, पण दोन दिवस ठेवले तर गावं आणि माग पाहता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. एप्रिलचं ऊन विदर्भासारखं भाजतं, तरी डोंगरावरची मोठी जत्रा त्याच महिन्यात असते. सूर्यकिरणांसाठी जाणाऱ्यांनी मुक्कामाची सोय खूप आधी करावी. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत सीमेवर लढाई झाली होती, त्यामुळे निघण्यापूर्वी सीमाभागातली परिस्थिती आणि व्हिसाचे नियम पाहून घ्यावेत.

आणि परतल्यावर एक काम करावं. आपल्या गावातल्या जुन्या देवळाची गणेशपट्टी, अंगणातले वीरगळ, झाडाखाली ठेवलेल्या भंगलेल्या मूर्ती यांची नीट छायाचित्रं काढावीत. त्यांवर गाव आणि तारीख लिहून एक प्रत ग्रामपंचायतीकडे आणि एक शाळेत ठेवावी. बुरीरमचा नारायण घरी आला तो लोकांच्या आग्रहामुळे आणि अशाच जपून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे.